जुन्या गॅस-वीज कंपनीचं फायनल बिल: मिल्टन कीन्समधल्या प्रकल्प नोंदी, २०२५

सप्लायर बदलून महिने झाले तरी जुन्या कंपनीचं शेवटचं बिल येत नाही, अशा इंग्लंडातल्या मराठी घरांसाठी या नोंदी. आमच्या ग्रुपवर हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. कंपन्यांची नावं लिहीत नाही, ‘जुनी’ आणि ‘नवी’ एवढंच. सगळे दर व्हॅट धरून आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार

जुन्या कंपनीचा माणूस येऊन स्मार्ट मीटर बसवून गेला. घर १९८०च्या आसपासचं, गॅसचा मीटरही तसाच जुनाट होता. चार काळे आकडे, पलीकडे लाल, आणि तबकडीवर घनफुटाची खूण. नव्या मीटरच्या पडद्यावर पाच आकडे आणि घनमीटर. रीडिंग त्याने स्वतःच्या फोनवर भरली, माझी बोटाने सही घेतली. कागद काही देणार नव्हता. जुना मीटर काढून पुठ्ठ्यावर ठेवला होता, तेवढ्यात त्याचा आणि भिंतीवरच्या नव्याचा एकत्र फोटो काढून घेतला. जुना ६४५०, नवा ००००१.

नंतरची भर: जुना मीटर ते घेऊन जातात. एकदा तो व्हॅनमध्ये गेला की त्याच्यावर काय आकडा होता याला तुमच्याकडे पुरावा उरत नाही. फोटो काढाच, आणि दोन्ही मीटरचे क्रमांक वाचता येतील असा काढा.

३ मार्च

ऊर्जा नियामक ऑफजेमने गेल्या आठवड्यात एप्रिलपासूनची प्राइस कॅप (दरांची कमाल मर्यादा) जाहीर केली. साधारण वापराच्या घराला वर्षाला १,७३८ पौंडांवरून १,८४९. आम्ही त्या कॅपवाल्या बदलत्या दरावर होतो, म्हणजे सोडण्याचा दंड नाही. नव्या कंपनीचा वर्षभराचा फिक्स्ड दर बरा वाटला, अर्ज केला. २०२२पासून बदल पाच कामकाजाच्या दिवसांत होतो. हा भाग खरंच सुरळीत आहे, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

१० मार्च

आजपासून नवी कंपनी. सकाळी दोन्ही मीटरचे फोटो. गॅसच्या स्मार्ट मीटरचा पडदा बॅटरी वाचवायला झोपलेला असतो, बटण दाबलं की जागा होतो आणि आकडा येईपर्यंत पुन्हा झोपायला निघतो. दुसऱ्या प्रयत्नात जमलं: ००२१३.

रीडिंग नव्या कंपनीला द्यायचं असतं, तिथून ते जुनीकडे जातं आणि तेच जुनीचं शेवटचं आणि नवीचं पहिलं ठरतं. मी जुनीच्या ॲपमध्येही भरून ठेवलं. शिवाय ॲपमधली सगळी जुनी बिलं पीडीएफ करून उतरवून घेतली. खातं बंद झालं की लॉगिन कधी जाईल सांगता येत नाही.

१ एप्रिल

जुन्या कंपनीने डायरेक्ट डेबिटने आणखी १६० पौंड नेले. चॅटवर विचारलं तर, ‘फायनल बिल निघेपर्यंत हप्ता चालू राहतो.’

सगळीकडे सल्ला असतो की फायनल बिलाआधी डायरेक्ट डेबिट तोडू नका. तुम्ही कंपनीचं देणं लागत असाल तर तो बरोबर आहे. आपले पैसे तिच्याकडे अडकलेत हे कागदावर दिसत असेल तर आणखी भर घालण्यात काय अर्थ? म्हणून आज बसून हिशेब केला.

३१ डिसेंबरपर्यंतचं बिल खऱ्या रीडिंगवर झालेलं होतं. तेव्हा शिल्लक १६८.२० पौंड. त्यानंतर चार हप्ते, ६४० पौंड. जमा ८०८.२०.

खर्चाची बाजू. वीज ५७८ युनिट (म्हणजे किलोवॉट-तास), २५ पेन्सने १४४.५०. तिचा स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, रोजचा ठरलेला आकार) ६८ दिवसांचा, रोज ६० पेन्स, ४०.८०.

गॅसचे दोन तुकडे, कारण मीटर मध्येच बदलला. गॅसचा मीटर आकारमान मोजतो आणि बिल येतं किलोवॉट-तासात, त्यामुळे मध्ये गुणाकार-भागाकार आहे. घनमीटर गुणिले १.०२२६४, गुणिले कॅलरिफिक व्हॅल्यू (गॅस जळून किती उष्णता देतो तो आकडा), भागिले ३.६. कॅलरिफिक व्हॅल्यू बिलावर छापलेली असते, ३९च्या आसपास. माझ्याकडे ३९.३ धरली. जुना मीटर शेकडा घनफुटांत मोजतो, तिथे आधी २.८३ने गुणून घनमीटर करायचे.

जुना मीटर, ६४१२ ते ६४५०: ३८ एकक. गुणून १,२००.६ युनिट, ६.३ पेन्सने ७५.६४ पौंड. नवा मीटर, १ ते २१३: २१२ घनमीटर, २,३६६.७ युनिट, १४९.१० पौंड. गॅसचा स्टँडिंग चार्ज २१.०८.

एकूण खर्च ४३१.१२. म्हणजे परत यायला हवेत ३७७.०८ पौंड. बँकेच्या ॲपमधून डायरेक्ट डेबिट बंद केलं आणि तसं जुनीला ईमेलने कळवलं.

हे गणित बिल यायच्या आधी करून ठेवा. बिल समोर आल्यावर केलं की त्यातलेच आकडे खरे वाटायला लागतात.

२२ एप्रिल

काल ईस्टर मंडे, आणि कालच सहा आठवडे संपले. ऑफजेमच्या नियमाने सप्लायर बदलल्यापासून सहा आठवड्यांत फायनल बिल द्यावं लागतं. नाही दिलं तर ४० पौंड भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. आधी ३० होती, यंदा जानेवारीपासून ४० झाली.

फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका मुलीने खरं कारण सांगितलं, त्याबद्दल तिचे आभार. २१ जानेवारीला मीटर बदलला ही नोंदच पुढे गेलेली नाही. त्यांच्या सिस्टीममध्ये आमच्याकडे अजून जुनाच मीटर. त्यावर शेवटचं बिल ६४१२चं, आणि आता नव्या कंपनीकडून आलं २१३. आकडा मागे गेलेला दिसतो, सिस्टीम रीडिंग फेकून देते, बिल अडकतं. ‘बॅक ऑफिसला पाठवते,’ म्हणाली.

ज्यांचं बिल अडकलंय त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: माझ्या खात्यावर मीटरचा क्रमांक कोणता दिसतोय? गेल्या वर्षभरात मीटर बदलला असेल तर शक्यता दाट आहे.

२३ एप्रिल

रीतसर लेखी तक्रार. फोनवर ‘माझी तक्रार आहे’ म्हटलं तरी चालतं, पण मग त्यांनी काय लिहून घेतलं हे आपल्याला दिसत नाही. चॅटचं तर खिडकी बंद केली की संपलं. ईमेलच बरा.

मजकूर मुद्दाम छोटा ठेवला. तीन मागण्या, क्रमांक घालून:

१. मीटर बदलाची नोंद करून, दोन्ही मीटरच्या सोबत जोडलेल्या रीडिंगवर आधारलेलं अचूक फायनल बिल द्या.
२. बिलानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत शिल्लक रक्कम परत करा.
३. उशिराची ४० पौंड भरपाई द्या.

पहिल्या मागणीतला ‘अचूक’ हा शब्द आणि ‘रीडिंगवर आधारलेलं’ हे मुद्दाम घातलंय. नुसतं ‘बिल द्या’ लिहिलं तर कुठलंही बिल पाठवून तक्रार मिटवता येते. दोन्ही फोटो जोडले. आजपासून आठ आठवड्यांचं घड्याळ सुरू: १८ जूनपर्यंत मिटलं नाही तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे (असे वाद सोडवणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं.

७ मे

भरपाई दहा कामकाजाच्या दिवसांत यायला हवी होती. सुट्ट्या वगळून मुदत काल संपली. आली नाही. ती मुदत हुकली की आणखी ४० पौंड लागू होतात. त्याच तक्रारीच्या क्रमांकावर दोन ओळींचा ईमेल टाकला.

१५ मे

४० पौंड आले. अर्ध्या तासाने ईमेल: ‘आपली तक्रार निकाली काढल्याचा आनंद आहे.’

बिल नाही, परतावा नाही, आणि आनंद.

हीच ती जागा जिथे बरेच जण अडकतात. उशीर आणि हिशेब ही दोन भांडणं आहेत. उशिराचं भांडण कंपनीला स्वस्त पडतं: ४० पौंड टाकले, माफी मागितली, फाइल बंद. हिशेबासाठी कुणालातरी बसून मीटरची नोंद सुधारावी लागते. दोन्ही एकाच संतापाच्या पत्रात कालवली की त्यातलं सोपं ते उचललं जातं. माझ्या पत्रात क्रमांक होते म्हणून उत्तर सोपं गेलं: ‘मागणी ३ अर्धी पूर्ण. १ आणि २ बाकी. तक्रार निकाली निघाल्याचं मला मान्य नाही, २३ एप्रिलचीच तक्रार चालू ठेवावी.’ दोन दिवसांनी ‘पुन्हा उघडली’ असं कळवलं.

२५ मे (थोडं बाजूला)

ग्रुपवर एका घराला जुन्या कंपनीचं फायनल बिल तब्बल सोळा महिन्यांनी आलं, नऊशेच्या वर पौंडांचं. त्यांनी घाबरून हप्ते बांधून घ्यायची तयारी केली होती. थांबवलं. घरगुती ग्राहकांसाठी २०१८पासून नियम आहे: चूक ग्राहकाची नसेल तर बिलाच्या तारखेआधी बारा महिन्यांपलीकडे वापरलेल्या आणि तोवर बिल न झालेल्या ऊर्जेचे पैसे कंपनी मागू शकत नाही. त्यांचा सगळाच वापर त्यापलीकडचा होता. पत्रात ‘बॅक-बिलिंग’ हा शब्द लिहायला सांगितला, कारण कंपनीतल्या लोकांना तोच कळतो. माझ्या बाबतीत तेवढा उशीर नाही, त्यामुळे मला उपयोग शून्य.

९ जून

फायनल बिल आलं! पहिल्या पानावर हिरव्या चौकटीत: तुमच्या खात्यात १०४.२२ पौंड जमा आहेत, लवकरच परत करू.

घरात आधी आनंदच झाला. पैसे येतायत म्हटल्यावर पुढची पानं कोण उलगडतो? बिलात देणं निघालं असतं तर त्याच मिनिटाला चष्मा लावून बसलो असतो. पण माझा आकडा ३७७.०८ होता. फरक २७२.८६. एवढा फरक दरातल्या पैशापेन्साने पडत नाही.

१० जून

सापडलं. तिसरं पान, गॅसचा तक्ता. वीज पैशापर्यंत बरोबर. जुन्या मीटरचे ३८ एकक बरोबर. नव्या मीटरची ओळ: मागील ००००१, चालू ००२१३, फरक २१२, आणि त्यापुढे बारीक अक्षरांत ‘इम्पीरिअल ते मेट्रिक × २.८३’. परिणाम ६,६९७.८ युनिट, ४२१.९६ पौंड.

मीटर बदलाची नोंद करताना नवा क्रमांक, नवी रीडिंग सगळं घातलं, आणि मोजमापाचं एकक मात्र जुन्या मीटरचं तसंच राहू दिलं. घनमीटरला घनफूट समजून पुन्हा घनमीटर केले. माझ्या २,३६६.७ला २.८३ने गुणलं की नेमका त्यांचा आकडा येतो. भागून पाहा, हीच चाचणी आहे: बिलावरचे युनिट भागिले तुमचे युनिट, उत्तर २.८३ किंवा ०.३५च्या जवळ आलं तर भानगड एककाची. दुसरं काही आलं तर रीडिंग तपासा.

पत्र लिहिलं. त्यात गणित, मीटरच्या पडद्याचा घनमीटरची खूण दिसणारा फोटो, आणि बिलातल्या त्या ओळीचा कापलेला तुकडा.

१२ जून

उत्तर: ‘गॅसची कॅलरिफिक व्हॅल्यू दिवसागणिक बदलते, त्यामुळे ग्राहकाच्या आणि आमच्या गणितात फरक येऊ शकतो.’

कॅलरिफिक व्हॅल्यूने फरक पडतो तो शेकड्यात दोन-चारचा. इथे जवळजवळ तिप्पट आहे. शिवाय मी त्यांच्याच बिलावरची ३९.३ वापरली होती. शेवटची ओळ जास्त महत्त्वाची: ‘ही नवीन बाब असल्याने नवी तक्रार नोंदवत आहोत.’ नवी तक्रार म्हणजे आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून. ताबडतोब कळवलं की नवीन काही नाही, २३ एप्रिलची पहिली मागणी वाचा, ‘अचूक’ लिहिलंय. नवा क्रमांक मान्य नाही.

संध्याकाळी ग्रुपमधल्या एका काकांचा फोन. तीसेक वर्षं इथे आहेत.

“अरे, पैसे परत येतायत ना? मग कशाला डोकं लावतोस?”

“काका, पावणेतीनशे पौंड आहेत.”

“बापरे. मग माझंही बघ की रे. माझ्याही बिलावर तो दोन पॉइंट त्र्याऐंशी दिसतोय.”

त्यांना मीटरचा फोटो पाठवायला सांगितला. चार काळे आकडे, घनफुटाची खूण. त्यांचं २.८३ एकदम बरोबर आहे! बिलावर २.८३ दिसला म्हणून लगेच भांडायला जाऊ नका, आधी कपाट उघडून मीटर बघा.

१६ जून

मीटरच्या फोटोवर कंपनी ‘तपासतो’च्या पुढे जात नव्हती. मग सुचलं की नवी कंपनी याच मीटरचं बिल करतेय. तिला ईमेलने एकच प्रश्न: माझ्या गॅस जोडणीचा एमपीआरएन क्रमांक आणि मीटर क्रमांक हा, तुमच्याकडे एकक काय नोंदलंय आणि कधीपासून? चार दिवस लागतील वाटलं होतं, त्याच दिवशी उत्तर आलं: मेट्रिक, २१ जानेवारी २०२५पासून.

म्हणजे सगळ्या कंपन्या पाहतात ती सामायिक नोंद सुधारलेली आहे, चूक फक्त जुनीच्या बिलिंगमध्ये उरली आहे. हे उत्तर जुनीला पुढे पाठवलं. आठवड्याभराच्या सगळ्या पत्रव्यवहारापेक्षा या एका ओळीचं वजन जास्त. हे मी २२ एप्रिललाच विचारून ठेवायला हरकत नव्हती.

१९ जून

काल आठ आठवडे पूर्ण. आज एनर्जी ऑम्बुड्समनकडे ऑनलाइन अर्ज. फी नाही, वकील नको. आठ आठवडे व्हायच्या आधी जायचं असेल तर कंपनीकडून ‘आता आमचं बोलणं संपलं’ असं डेडलॉक पत्र लागतं, नाहीतर अर्ज परत येतो.

एक संध्याकाळ गेली, ती बहुतेक कागद लावण्यात. फायलींना तारखेने नावं दिली: मीटरचे फोटो, बिल, तक्रार, ‘निकाली’वाला ईमेल, नव्या कंपनीचं उत्तर. ‘तुम्हाला काय हवंय’ या चौकटीत भावना लिहायच्या नाहीत, रकमा लिहायच्या. मी लिहिलं: दुरुस्त बिल, २७२.८६ पौंड, हुकलेल्या मुदतीचे ४० पौंड.

२० जून

१०४.२२ बँकेत आले. ते घेतले म्हणजे बिल मान्य असं होऊ नये म्हणून एका ओळीचा ईमेल: ‘रक्कम मिळाली, बिलाबद्दलचा वाद कायम.’ कायद्याने याची गरज असेल-नसेल, लिहायला खर्च नाही.

९ जुलै

ऑम्बुड्समनच्या पोर्टलवर कंपनीचं म्हणणं दिसलं. इतके दिवस कॅलरिफिक व्हॅल्यू सांगणाऱ्यांनी इथे सरळ मान्य केलंय: मीटर बदलताना एकक अद्ययावत झालं नाही. भरपाईचे दुसरे ४० मात्र नाकारलेत, म्हणे पहिले ४० ‘वाजवी वेळेत’ दिले. त्याला तारखांनी उत्तर दिलं: मुदत ६ मे, पैसे १५ मे.

२४ जुलै

निर्णय. दुरुस्त बिल, २७२.८६ परत, दुसरे ४०, आणि मनस्तापाचे ५०, जे मी मागितले नव्हते. मी स्वीकारला. कंपनीला अंमलबजावणीसाठी २८ दिवस.

१४ ऑगस्ट

३६२.८६ पौंड एकरकमी आले. दुरुस्त बिलही आलं. तिसऱ्या पानावर नव्या मीटरच्या ओळीतून २.८३ गेलंय, युनिट २,३६६.७. जुन्या मीटरच्या ओळीत ते तसंच आहे, आणि असायलाच हवं.

पैशांचा खर्च म्हणाल तर काही नाही. वेळ गेला तो फोनवर आणि १० जूनच्या रात्री. खातं शून्यावर आलं. दुरुस्त बिल पीडीएफ करून ठेवलं. मूळ चुकीचं बिलही त्याच फोल्डरमध्ये ठेवलंय, कारण त्यांच्या ॲपमधून ते आजच नाहीसं झालं.

काकांचा स्मार्ट मीटर सप्टेंबरात बसणार आहे. पुठ्ठ्यावरचा फोटो काढायला मी जाणार आहे.